स्वराची पहिली कोलंबी आणि डॉक्टरीणबाईंचा लाल ट्रे

परवा दुपारी माझ्या नातीला, स्वराला, मी पहिली कोलंबी भरवली... अडीच वर्षांची आहे. जावयाच्या घरी मासे शिजत नाहीत, आणि आम्ही करावे गावचे कोळी. म्हटलं, आजोळी आलीये तर चव नको कळायला? जावयाला विचारलं होतं हां, चोरून नाही.

पोरगी मिटक्या मारत खात होती. तिचे आजोबा पण असेच, आवडीचं असलं की डोळे मिटून खायचे... असो.

थोड्या वेळाने तिच्या अंगावर गांधी उठल्या. आमच्याकडे पित्त उठलं की कोकमाचं आगळ चोळतात, तेच चोळत बसले. तेवढ्यात ओठ सुजला, आवाज घोगरा झाला, छातीतून शिट्टी वाजायला लागली. लेक वाशीला ऑफिसात... मी तशीच तिला उचलून गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईंकडे पळाले.

बाईंनी एकदा बघितलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "लाल ट्रे." तातडीच्या औषधांचा तो ट्रे हाताशीच होता, ना कुलूप ना किल्ली. सिस्टरने छोटीशी काचेची बाटली काढून नाव मोठ्याने वाचलं, ॲड्रेनलिन. बाईंनी पण वाचलं, किती द्यायचं ते दोघी बोलल्या... मग सुई.

"मांडीत कशाला? दंडात द्या ना," मी म्हटलं.

"मांडीतून लवकर लागू पडतं, आजी. तुम्ही फक्त तिला घट्ट धरा."

धरली. हळूहळू तिची शिट्टी कमी झाली. माझ्याकडे बघून म्हणते, "आजी, तुझ्या हाताला आंबट वास येतो." मी रडतेय आणि सिस्टर हसतेय.

मग ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. अशी ॲलर्जी काही तासांनी पुन्हा उलटू शकते म्हणे. नाही उलटली.

कोळ्यांच्या नातीला कोलंबी चालत नाही, बोला आता! जावई म्हणतो, "आई, ही आता आमच्याच पंगतीला." बसू दे की. मी वरणभात भरवीन.

काल बाईंचे आभार मानायला गेले. नजर आधी ट्रेवर गेली... सगळ्या बाटल्या जागेवर. सिस्टरला विचारलं, "आमची वापरली ती?"

"तिच्या जागी लगेच दुसरी ठेवली, आजी. तुमची ॲम्ब्युलन्स वळायच्या आत. एक्स्पायरी बघून."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात... म्हणजे स्वराची बाटली पण अशीच कधीतरी ठेवलेली. कुणाला लागेल ते माहीत नसताना, माझ्या पोरीचा श्वास कुणीतरी आधीच जपून ठेवला होता.