बाबांची सम

त्या टिकटिक मशीनला मी एकदा उशीखाली दाबून ठेवलं होतं. मेट्रोनोम म्हणतात त्याला. काडेपेटीएवढं, सेलवर चालणारं, आणि माणसाचं डोकं फिरवायला पुरेसं.

दोन हजार सालच्या आसपास मी नाशिकरोडच्या एका सरांकडे ड्रम शिकत होते. हॉटेलांत, रिसेप्शनला वाजवणारा त्यांचा ग्रुप होता आणि त्यातला ड्रमर गल्फला निघाला होता. ती जागा मला हवी होती. हवी म्हणजे काय, तिच्यापायी जेवण गोड लागत नव्हतं. सरांची अट एकच. "स्विंग वाजवून दाखव. मशीन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजेल. पहिली तुझी तू मनात धरायची."

स्विंग म्हणजे लंगडत चालणारी लय, एक ठोका लांब, पुढचा आखूड. ते लंगडणं जमलं हो! पण ते मशीन! लहानपणापासून मी बाबांकडे तबला शिकलेली. आमच्या घरात सम, म्हणजे पहिली मात्रा, हाच देव. सगळं फिरून तिथंच यायचं. त्यामुळे इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत रबरी पॅडवर वाजवायला बसले, की थोडा वेळ नीट जायचं आणि मग ये रे माझ्या मागल्या! टिक ऐकला की हाताला वाटायचं, हीच सम. पहिली मात्रा सरकून टिकवर जाऊन बसायची आणि सगळंच उलटं व्हायचं. मी काड्या आपटायचे, रडायचे, पुन्हा मशीन लावायचे.

त्यात बाबा. समेला ऐकणाऱ्यानं दाद द्यायची, ही त्यांची जुनी सवय. आत पेपर वाचता वाचता टिकवर मांडीवर थाप मारायचे, "वा!"

"बाबा, ती सम नाहीये!"

"मग सम कुठंय?"

"ती वाजत नाही. मनात असते."

"अगं, सम काय लपवायची गोष्ट आहे? कसलं मेलं हे संगीत!"

डोक्यात तिडीक जायची माझ्या. पण बोलणार काय, हात त्यांनीच घडवलेला.

सरांकडे वाजवून दाखवायच्या दिवशी बाबांनीच मला स्कूटरवरून नेलं. "ताल कळणारं एक माणूस समोर असलेलं बरं," म्हणाले आणि पुढ्यात खुर्ची ओढून बसले. सरांनी मशीन लावलं. मी सुरू केलं, आणि काय सांगू, जमलं! पहिली मात्रा मनात घट्ट, टिक आपल्या जागी, हात मोकळा. सरांची मान डोलायला लागली. मला वाटलं, मिळाली जागा.

बाबांना राहवलं नाही. त्यांनी टिकवर खणखणीत टाळी दिली, "वा!"

माझा हात त्या टाळीवर जाऊन पडला. लहानपणापासून पडत आला होता तसाच. पुढचं सगळं उलटं झालं. सरांनी मशीन बंद केलं. "बघू, कळवतो," म्हणाले. त्या कळवतोचा अर्थ न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

परत येताना मी मागं बसून दातओठ खात होते. बाबा मात्र खुशीत. सिग्नलला स्कूटर थांबली, तसे मान वळवून म्हणाले, "बराच वेळ भरकटली होतीस, मला धाकधूक लागली होती. पण शेवटी समेवर बरोब्बर आलीस हं!"