ऊब जाते कुठे

मृणालिनीबाई पटवर्धनांना थंडी वाजतच नाही, अशी त्या इमारतीत बोलवा होती. कॅनडातल्या ग्वेल्फमधली ती तीन मजली, लाल विटांची जुनी इमारत. जानेवारी लागला की तिथली माणसं घरातल्या घरात कानटोप्या घालून हिंडायची, आणि मृणालिनीबाई मात्र सुती साडी आणि अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज अशा थाटात दार उघडायच्या. पार्सल द्यायला आलेला माणूससुद्धा सही घेऊन झाल्यावर उगाच जरा रेंगाळायचा. आतून येणारी ऊब फुकट मिळत असेल तर कुणाला नको आहे!

समोरच्या दारात राहणाऱ्या यामिनीला या प्रकाराचं आश्चर्य वाटायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. दोघींची घरं आरशात बघावीत तशी एकसारखी. खिडक्या तेवढ्याच जुन्या, खिडक्यांखाली भिंतीलगत तेच लांबट इलेक्ट्रिक हीटर. हीटिंग भाड्यात धरलेलं नव्हतं, ज्याची वीज त्याने भरायची. ऑन्टॅरिओत विजेला हायड्रो म्हणतात. नावात पाणी आहे, पण बिल हातात पडलं की तोंडचं पाणी पळतं.

यामिनी नागपूरची. थंडी म्हणजे डिसेंबरात आठवडाभर घालायचा स्वेटर, एवढीच तिची समजूत. इथे आल्यावर तिने आपल्या बुद्धीप्रमाणे सगळे उपाय केले. हीटर वाढवले, पडदे जाड आणले, पायात दोन-दोन मोजे चढवले. बिल फुगत गेलं आणि घर होतं तसंच गार राहिलं. तव्यावरची पोळी ताटात येईपर्यंत निवायची.

त्या दिवशी सकाळी स्वानंदने नवं बिल पाहिलं आणि घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवलं. स्वानंद तिचा नवरा, एका फूड कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होता. चिडणारा माणूस नव्हता.

"असं करू," तो म्हणाला, "तू आणि गौरांगी एप्रिलपर्यंत नागपूरला जा. मी ही जागा सोडतो आणि कुणाबरोबर तरी रूम शेअर करतो. आज लंचमध्ये टिकिटं चेक करतो."

त्यांची लेक गौरांगी तेव्हा नुकती सोफ्याला धरून उभी राहायला लागली होती. एक हात सोडायची, स्वतःच घाबरायची आणि पुन्हा धरायची.

"म्हणजे ती तिकडे चालायला लागणार," यामिनी म्हणाली, "आणि तू फोनवर बघून राहणार?"

"मग मी काय करू? तूच सांग!"

"नको काही करू. एवढीच अडचण होत असेल तर आजच जाते."

आता आजच्या आज कुणी ग्वेल्फहून नागपूरला जात नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण भांडणात नकाशा कोण बघतो? तो डबा न घेताच गेला. तिने राग कांद्यावर काढला, सावजी मसाल्याची झणझणीत वांग्याची भाजी केली, आणि गौरांगीला जाड स्नोसूटमध्ये कोंबून कपड्यांची टोपली घेऊन बेसमेंटमधल्या लाँड्रीत उतरली.

तिथे मृणालिनीबाई आपल्या साड्या ड्रायरमधून काढून घडी घालत होत्या.

या बाईंविषयी यामिनीला तसं ऐकूनच माहीत होतं. लग्न होऊन सांगलीहून थेट या गावात आल्या, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. नवरा, नंदकुमार, इथल्या युनिव्हर्सिटीत माती शिकवायचे, म्हणजे मातीचं शास्त्र. बाईंनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात उमर घालवली. नवरा गेल्यावर त्यांनी मोठं घर विकलं आणि या भाड्याच्या जागेत आल्या. मुलगा अनिश व्हँकुव्हरहून दर हिवाळ्यात फोन करतो, "आई, इथे स्नो नसतो, तू ये." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं, "स्नोचं मी बघते. तुझ्या त्या पावसाचं काय करू?" गावातली मराठी मंडळी त्यांना हेकट म्हणायची, पण आजारी पडली की त्यांनाच फोन करायची.

मृणालिनीबाईंनी आधी बाळाकडे पाहिलं. "अगं, बाहेर निघालीस का हिला घेऊन?"

"नाही काकू."

"मग हा स्नोसूट?"

एवढ्याशा प्रश्नाने यामिनीचा बांध फुटला. "घरातच घालावा लागून राहिला, काकू! कितीही हीटर लावा, घर गरमच होत नाही. स्वानंद म्हणतो, नागपूरला जा. बिल परवडत नाही म्हणून मी माझा संसार गुंडाळू का?" आणि ती त्या ड्रायरच्या घरघरीत हमसाहमशी रडली.

मृणालिनीबाईंनी तिला रडू दिलं. शेवटची घडी घातली, टोपली कमरेवर घेतली आणि विचारलं, "घरात उदबत्ती आहे?"

यामिनीच्या मनात आलं, झालं! आता म्हातारी दृष्ट काढणार. पण नाही म्हणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

वर आल्यावर मृणालिनीबाईंनी चहा नको म्हणून सांगितलं, चपला दाराशी काढल्या आणि देवापुढची उदबत्ती पेटवून घेतली. पण देवाकडे त्यांनी पाठच केली. ती उदबत्ती घेऊन त्या गेल्या हॉलमधल्या खिडकीशी, आणि खिडकीच्या कडेकडेने हात हळूहळू फिरवू लागल्या. खिडकीची आरती कुणी करतं, हे यामिनी जन्मात पहिल्यांदा बघत होती. हसू येत होतं, पण हसायची छाती होईना.

"धुराकडे बघ," बाई म्हणाल्या.

यामिनीने पाहिलं आणि तिचं हसू जिरलं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात येताच धुराची रेघ एकदम मोडली आणि कुणीतरी फुंकर मारावी तशी आत ढकलली गेली. विजेच्या प्लगपाशी तेच. दाराच्या फटीपाशी तर धूर जमिनीवरून सरपटत घरात शिरला. इतके दिवस जिला ती नुसती थंडी म्हणत होती, तिला आता अंग होतं, वाट होती.

"सगळीकडून आत येतेय, काकू."

"येणारच. पण इतक्या ओढीने का येतेय? आत येणाऱ्या वाऱ्याला कुठूनतरी बाहेर जायला मिळतं, तेव्हाच तो येतो. चल, तो कुठे जातो ते त्यालाच विचारू."

त्या हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, हात स्थिर धरून. धूर वर जाईल असं यामिनीला वाटलं होतं. पण तो कलला, आडवा झाला आणि चालू लागला. बाई त्याच्यामागून निघाल्या. भिंतीला लागून, फ्रिजच्या अंगावरून, कोपऱ्याशी वळून तो स्वयंपाकघरात शिरला, जणू त्याला घर पाठ होतं, आणि शेगडीवरच्या जाळीत सरळ नाहीसा झाला. गौरांगी यामिनीच्या कडेवरून मान वळवून वळवून त्या धुराकडे बघत होती. यामिनीही तशीच बघत होती. आपल्याच घरात, आपल्या नाकासमोर एवढा मोठा झरा वाहत होता आणि आपल्याला पत्ताही नव्हता!

"हा एक्झॉस्ट फॅन कधीपासून चालू आहे?" बाईंनी विचारलं.

यामिनी गडबडली. पंखा चालू आहे हेच ती विसरून गेली होती. ऑक्टोबरात खिडक्या बंद झाल्या तेव्हा लावला, तो लावलाच. त्याची घरघर आता तिला ऐकूही येत नव्हती.

"वास जाऊ नये म्हणून, काकू. आपल्या फोडणीचा, मसाल्याचा वास कॉरिडॉरमध्ये..."

"कुणी काही म्हणालं?"

"म्हणालं नाही. पण एकदा जिन्यात ती वरच्या मजल्यावरची बाई माझ्याजवळून जाताना असं नाक ओढून गेली." यामिनीने नाक ओढून दाखवलं.

"जानेवारीत?"

"हो."

"अगं वेडे, जानेवारीत इथे सगळ्यांचीच नाकं वाहतात!"

यामिनीला हसावं की पुन्हा रडावं ते कळेना. मृणालिनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या जाळीकडे बघत म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. वरती घरमालकीण. तिला वास जाईल म्हणून मी स्वयंपाक करताना खिडकी सताड उघडी टाकायची. बाहेर उणे वीस! नंदकुमार ओव्हरकोट घालून वरण-भात जेवायचे. एका शब्दाने बोलले नाहीत बिचारे. आणि ती मालकीणही कधी काही बोलली नव्हती, बरं का. कुणीच काही बोललं नव्हतं. आपण आपलेच लाजत होतो. अख्ख्या गावाला ऊब दिली मी, घर सोडून." मग त्या बाजूला झाल्या. "मी नाही बंद करणार. तू कर."

बटण हाताशी होतं, पण यामिनीचा हात पुढे होईना. शेगडीवर ती वांग्याची भाजी बसलेली होती, सगळ्या वासासकट. नागपूरला पाठवायला निघालेला नवरा आठवला, तेव्हा कुठे बोट हललं.

पंखा थांबला. घर इतकं शांत झालं की गौरांगीचा श्वास ऐकू आला. उदबत्तीचा धूर क्षणभर घोटाळला, वाट चुकल्यासारखा इकडेतिकडे झाला, आणि मग हळूच वर वळून सरळ उभा राहिला. एक बारीक, निळी, न हलणारी रेघ. यामिनी त्या रेघेकडे नुसती बघत राहिली. देवापुढे रोज लावत होती ती उदबत्ती, पण हात जोडावेसे तिला आज वाटले.

"फोडणीपुरता लाव, मग बंद," मृणालिनीबाई चपला घालताना म्हणाल्या. "दाराच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लाव. खिडक्यांना प्लास्टिक लावायला उद्या येते. हीटर जादू करत नाहीत. त्यांनी दिलेली ऊब आपणच घरात राहू द्यायची असते."

दुपारभर यामिनी भिंतींना हात लावून बघत राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत गौरांगीचा स्नोसूट निघाला होता आणि ती मोकळ्या पायांनी सोफ्याभोवती फिरत होती.

काळोख पडल्यावर जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दार उघडून स्वानंद आत आला तो थेट कार्पेटवर, बर्फाने भरलेल्या बुटांसकट. चेहरा पांढराफटक.

"अरे, बूट!" यामिनी ओरडली.

तो तिच्याकडे आणि गौरांगीकडे बघतच राहिला. "तू आहेस," म्हणाला. "मला वाटलं, खरंच गेलीस. कुणाकडे तरी, कुठेतरी."

"का?"

"वाफ नव्हती."

तिला काही कळेना. त्याने गौरांगीला आपल्या कोटात घेतलं आणि दोघींना मागच्या पार्किंगमध्ये नेलं. तिथून इमारतीची अख्खी पाठ दिसत होती. प्रत्येक स्वयंपाकघराशेजारी भिंतीत एक लहान झडप, आणि झडपेझडपेतून पांढरीशुभ्र वाफ निघून दिव्यांच्या उजेडात उभीच्या उभी आकाशात चढत होती. एवढ्या गोठलेल्या काळोखात ती इमारत जिवंत, श्वास घेणारी वाटत होती. खालच्या मजल्यावरचं पंजाबी कुटुंब, फिलिपिनो नर्स, ते कोपऱ्यातले सीरियन म्हातारे नवरा-बायको. सगळेच आपापला वास लपवत होते, आणि सगळ्यांचीच ऊब आकाशात निघाली होती. अंधार होता तो दोनच झडपांशी, तिच्या आणि समोरच्या घराच्या.

"दिसलं?" मागून आवाज आला. मृणालिनीबाई, दोन्ही हातांत काठ्या, खिळ्यांचे बूट, संध्याकाळच्या फेऱ्या मारत होत्या.

"काकू, तुम्हाला आधीपासून माहीत होतं!"

"वर्षानुवर्षं बघतेय. पण कुणाच्या दाराशी जाऊन काय सांगायचं, की बाई गं, लाजू नकोस? तू आपल्या तोंडाने बोललीस म्हणून आले." आणि त्या पुढच्या फेरीला निघाल्या, बर्फावर काठ्या टेकत, पाठ ताठ. नाकाचा शेंडा लाल, दातांवर दात आपटत होते. त्यांना थंडी वाजत होती, चांगलीच वाजत होती, हे यामिनीला तेव्हा दिसलं. आणि तरी त्या चालत होत्या, हे बघून ती थक्क झाली.

स्वानंद वरच बघत होता. "रोज गाडी लावली की आधी आपली वाफ बघायचो," तो म्हणाला. "ती दिसली की कळायचं, तू घरी आहेस. टिकिटं मी बघितलीच नाहीत, यामिनी. पेज उघडलं आणि बंद केलं." मग अगदी लहान आवाजात, "आता मला कसं कळणार?"

"जिन्यात वास येईल," यामिनी म्हणाली.