रिकाम्या खुर्चीतल्या सचिव

ती सही आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेतल्या एका काउंटीच्या पोलीस खात्यात कागदपत्रांच्या फसवणुकीचा तपास करत असे. एके सकाळी संस्था नोंदणी कार्यालयातून फोन आला. मूळ रहिवाशांच्या एका वस्तीने आपल्या सामुदायिक संस्थेचा वार्षिक अहवाल पाठवला होता. त्यावर सही करणाऱ्या सचिव बाई सहीच्या तारखेपूर्वी तीन महिने वारल्या होत्या.

"तेही इंडियन, तूही इंडियन," सार्जंट म्हणाला. "जा, आपसात मिटवा."

सही बनावट ठरली तर नोंदणी जाणार, तिच्यामागून करमाफी. सभागृह आणि त्यामागची दफनभूमी, एवढीच संस्थेची मालमत्ता. कर थकला की तिचा लिलाव. बाईंनाही तिथेच पुरलं होतं.

जुने नमुने हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवले. उत्तर आलं: सही त्यांचीच.

मी वस्तीवर गेलो. सभागृहात पाच खुर्च्या, चार माणसं. पाचवीसमोर वाफाळता कॉफीचा कप. मी तिथे टेकणार, तोच वृद्ध अध्यक्ष म्हणाले, "तिथे सचिव बसल्यात."

कोणी हसलं नाही. मी उभ्यानेच जबाब घेतला.

"सही कोणी केली?"

"तिनेच."

तासभर हेच. मग मी प्रश्न बदलला. "तारीख कोणी घातली?"

"मी," अध्यक्ष म्हणाले. "वर्ष सरेपर्यंत गेलेल्याची जागा आमच्यात कोणी घेत नाही. तिने इस्पितळात कोरा फॉर्म मागवून सही करून ठेवली. म्हणाली, माझ्यापायी काम अडायला नको."

"तुम्ही का नाही केलीत?"

"सही कायम सचिवच करतात."

मी फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरं वाचून दाखवली: कोणत्याही एका पदाधिकाऱ्याची सही पुरेशी आहे. त्यांनी बोट ठेवून ती ओळ स्वतः वाचली. मग रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? उगाच त्रास घेतलास."

फसवणुकीचा हेतू नाही, असा अहवाल मी दिला. अध्यक्षांच्या सहीने दुरुस्त कागद दाखल झाले, करमाफी टिकली. त्या दिवशी निघताना कपातली कॉफी मला कमी झालेली दिसली. ते मी अहवालात लिहिलं नाही.

यंदा माझी पत्नी गेली. आमच्या दोघांच्या करपत्रकापुढे मी बसून होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे साइन करू शकता. इट्स ओके." मी सही केली. कायद्याला जिवंत माणसाची एक सही पुरते, गेलेल्याची खुर्ची तो मागत नाही, हे मी त्या सभागृहात शिकलो.

सकाळी मी अजून दोन कप चहा करतो. माझा पितो. समोरच्या कपात डोकावत नाही.