भिंतीवरची खुर्ची

आमच्या मामीचे गुडघे घरात सगळ्यांच्या आधी उठतात आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोलतात. उभी हयात तिने बेकरीच्या काउंटरमागे उभ्यानेच काढली. गिऱ्हाईक आलं की हसायचं, गेलं की गुडघा धरून बेकरीवाल्याच्या खानदानाची विचारपूस करायची, हा तिचा दिनक्रम.

मामा पाट्या रंगवतो. हात सोन्याचा, खोड एकच : भिंतीवर मोकळी जागा उरलेली त्याला बघवत नाही. एका दवाखान्याच्या पाटीवर उरलेल्या कोपऱ्यात त्याने असा हसरा दात काढला, की दाढदुखीवाल्यांची रांग लागली. डॉक्टर डोळ्यांचे होते.

तर हॉटेलांचे टॉवेल-चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीने त्याला फाटकाशेजारची भिंत दिली. मालकांनी मजकूर सांगितला : ‘टॉवेलांच्या घड्या घालायला बाई पाहिजे. सकाळची पाळी. बसून काम.’ मजकूर संपला, भिंत उरली. मामाने खाली खुर्ची काढली. दोन्ही बाजूंना हात, लाल गुबगुबीत गादी. मालक खूश झाले.

मामाने घरी येऊन ही बातमी पहिल्यांदा बायकोला दिली. मामी मुलाखतीला गेली. सुपरवायझर बाईंनी विचारलं, “दिवसभर बसून पाठ नाही ना दुखणार?”

“ते सुख एकदा भोगू तर द्या!” मामी म्हणाली.

नोकरी पक्की झाली. मामीने बेकरी सोडली आणि निघताना बेकरीवाल्याला पोटात साठलेलं सगळं ऐकवलं. म्हणजे परतीचा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेतला.

रुजू व्हायला गेली, तर नेमणूकपत्रात वेगळंच : चादरी विभाग. काम उभ्याने. पाळी गरजेप्रमाणे.

“चादरीवाली अचानक सोडून गेली,” मालक म्हणाले. “जाहिरातीचं काय एवढं मनावर घेता ताई? करा सही.”

“आणि खुर्ची?”

“अहो, ते चित्र होतं!”

मामीने पेन खाली ठेवलं आणि थेट कामगार कार्यालय गाठलं. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “नुसती जाहिरात म्हणजे करार नव्हे,” ते म्हणाले. “पण मुलाखतीत त्याच अटी ठरल्या आणि त्या भरवशावर तुम्ही जुनी नोकरी सोडलीत, याला वजन आहे. काय ठरलं होतं ते लिहून द्या, पोच घ्या. आणि पटत नसेल तर सहीची घाई नको.”

घरी आल्यावर मामाचा नंबर लागला. “अहो, तुमच्या त्या खुर्चीने मला पार रस्त्यावर आणलं!”

“गादीचा रंग मी पदरचा घातला होता,” मामा पुटपुटला. तेवढ्यात लाँड्रीतून निरोप आला : पेंटर, उद्या येऊन खुर्ची पुसून टाका.

सकाळी दोघं बरोबरच निघाली. मामी तक्रारीचा कागद घेऊन आत गेली, मामा चुन्याची बादली घेऊन बाहेर थांबला. त्याने खुर्ची पुसली, जुना मजकूरही पुसला. पण मोकळी भिंत आणि मामा! त्याने ब्रश उचलला : ‘चादरींच्या घड्या घालायला बाई पाहिजे. काम उभ्याने. पाळी आम्ही म्हणू तेव्हा.’

मुलाखतीला आलेल्या दोन बायकांनी ते वाचलं, एकमेकींकडे पाहिलं आणि तिथूनच रिक्षा केली.

“अरे, हे काय लिहिलंस?” मालक धावत बाहेर आले.

“तुमच्याच पत्रातलं आहे साहेब. अक्षर फक्त माझं.”

मागोमाग मामी आणि सुपरवायझर बाई आल्या. मामीचा कागद बाईंच्या हातात होता. “साहेब, बसून काम असं मीच सांगितलं होतं यांना,” त्या म्हणाल्या. “उद्या कोणी विचारलं तर मी नाही कसं म्हणू?”

मालकांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा रिकाम्या फाटकाकडे. नवीन पत्र आलं : टॉवेल विभाग, सकाळची पाळी, बसून काम. मामीने ते सावकाश, दोनदा वाचलं आणि मग सही केली.

आता बसायला काय द्यायचं? टॉवेल विभागात नुसतीच टेबलं होती. शेवटी मालकांनी तेवढ्या दिवसापुरती म्हणून स्वतःच्या केबिनमधली खुर्ची पाठवली.

मामीने ती अजून परत केलेली नाही.