तो "झालं" म्हणालाच नाही

ती सकाळ मी आजवर कुणाला सांगितली नाही. ती आठवली नाही, असा दिवस मात्र गेला नाही.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. मी ठाण्यात जमादार होतो. येरमाळ्याच्या बाजूच्या एका गावात वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं सार्वजनिक विहिरीवर रिकाम्या घागरी घेऊन बसली होती. कायद्यानं विहीर सगळ्यांना खुली होती. गाव पाणी शेंदू देत नव्हतं.

निघताना फौजदारसाहेबांनी कळंबच्या बाजारातल्या फोटोग्राफरला बरोबर घेतलं. बेवारस प्रेत सापडलं की पंचनाम्याला तोच यायचा. "दंगल करतानाचा फोटो पाहिजे," साहेब म्हणाले. "कोर्टात कामाला येतो." म्हणजे कॅमेरा आम्हीच नेला.

तिथं दंगल नव्हती. लिंबाच्या सावलीत बायामाणसं ओळीनं बसलेली. फोटोग्राफरनं तिपाई मांडली, काळ्या कापडात डोकं घातलं आणि सवयीनं म्हणाला, "मी झालं म्हणेपर्यंत हलू नका. हललं की फोटो गेला." जत्रेत फोटोला बसतात तशी सगळी ताठ झाली, हात गुडघ्यांवर. पुढं एक म्हातारी होती. मागं न बघता तिनं बजावलं, "ऐकलं का रं? हलायचं न्हाय कुणी."

त्यानं भिंगावरचं झाकण काढलं आणि तोंडानं आकडे मोजू लागला. साहेब भडकले. "लग्नाचा फोटो काढायला आलाय का? उठवा यांना."

सगळ्यांत पुढं मी होतो. पहिली लाठी मीच मारली, म्हातारीच्या खांद्यावर. ती हलली नाही. भिंगावर झाकण परत बसलं, बाकीचे शिपाई पोचले, आणखी लाठ्या पडल्या. मार खाणारा माणूस हात वर करतोच, ते शरीर आपोआप करतं. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. इथं एकही हात गुडघ्यावरून उठला नाही. फोटोग्राफर नुसता उभा होता. तो "झालं" म्हणालाच नाही. शेवटी आमचेच हात खाली आले.

फिर्याद मी लिहिली: जमावानं दगडफेक केली, सौम्य बळाचा वापर करावा लागला. सतरा जणांवर दंगलीचा गुन्हा. त्यांना शिक्षा झाली, की वस्ती परत विहिरीकडं फिरकणार नाही. आम्हाला तेच हवं होतं.

आठवड्यानं खबऱ्या आला. "फोटोवाल्यानं काचंची प्लेट धुतलीया. लई नीट निघाली म्हणत्यात." साहेबांनी मला त्याच्या दुकानात पाठवलं. "आणताना काच फुटते कधीकधी," एवढंच म्हणाले.

"प्लेट कुठंय?" मी दरडावलं.

"घ्या की जमादारसाहेब, सरकारीच काम व्हतं."

"कुणाला दावली?"

"धंद्याची रीत हाय, तेवढी पाळली."

पुढं मी विचारलं नाही. काच उजेडाकडं धरली होती आणि नजर तिथंच अडकली. बसलेली माणसं सुईनं कोरल्यासारखी, म्हातारीची बोटंसुद्धा मोजता यावीत. मधोमध एक धुरकट आकृती, तिला तोंडच नव्हतं. ठाण्यामागं ती काच मी बुटाखाली फोडली.

धंद्याची रीत कोर्टात कळली. ज्याचा फोटो, त्याला एक प्रत. म्हातारीनं ती पदराआडून काढली. मॅजिस्ट्रेटसाहेब बराच वेळ बघत राहिले. दगड कुठंच दिसत नव्हता.

"हा मारणारा कोण?" त्यांनी मला विचारलं.

"ओळखू येत नाही, साहेब." मी शपथेवर होतो.

मग तिला विचारलं. मी चार हातांच्या अंतरावर उभा. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"त्यो हाललाय, साहेब," ती म्हणाली. "आमी न्हाय हाललो. तेवढं बगा."

सगळे निर्दोष सुटले. पुढं तहसीलदारांसमोर वस्तीनं पाणी शेंदलं. तो फोटो गावोगाव गेला. दुसऱ्या विहिरींवर बसायच्या आधी लोक तो एकमेकांना दाखवायचे, "असं बसायचं." बंदोबस्ताला गेलो की ते गुडघ्यांवरचे हात मला लांबूनच दिसायचे. मग लाठी उचलवेना. नोकरी मी मुदतीआधी सोडली, कारण तब्येतीचं सांगितलं.

खरा पुरावा काचेबरोबर फुटत नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुष्कळांचे कबुलीजबाब मी घेतले, माझा राहिला होता. म्हातारीनं त्या दिवशी नाव घेतलं नाही. त्या फोटोत ज्याला तोंड नाही, तो मी आहे.