अकरा दिवसांचा पूर्वज

माझ्या बायकोच्या इटालियन पूर्वजांचे गाव तिच्या धाकट्या भावाने शोधून काढले, ही कथा आमच्या कुटुंबात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की नातवंडांनाही ती पाठ झाली आहे. ती खोटी आहे. गाव मी शोधले. आधी चुकलो आणि मग शोधले. पण चुकून, चूक ओळखून, मग शोधणे हे काहीही न शोधता बरोबर ठरण्यापेक्षा वरच्या प्रतीचे काम आहे, आणि एवढे समजण्याची कुवत माझ्या मेहुण्याच्या अंगी नाही. म्हणून हे मराठीत लिहून ठेवतो आहे. त्याला मराठी वाचता येत नाही. डचमधले कागदही त्याने कधी शेवटपर्यंत वाचले असतील असे मला वाटत नाही.

मी पुण्याहून डच देशातल्या आइंडहोव्हनला ऐन तारुण्यात आलो, यंत्रांच्या कारखान्यात आयुष्य घालवले आणि येथेच लग्न केले. बायको दक्षिणेकडच्या लिम्बुर्ग प्रांतातली. तिच्या आईचे आजोबा इटलीतल्या डोंगराळ भागातून येथे आले ते मोझॅकच्या फरश्या घालायला. त्यांनी घातलेली एक फरशी तिच्या गावच्या शाळेत अजून आहे, आणि लहानपणी तीच पुसण्याची शिक्षा तिने भोगली आहे. एवढ्यावर सगळ्यांचे एकमत होते. त्यापलीकडे माझ्या मेहुण्याची कल्पनाशक्ती सुरू होत असे. हा गृहस्थ निवृत्त दंतवैद्य. त्याच्या मते ते पणजोबा फरशीवाले नव्हतेच. ते शिल्पकार होते, एका उमराव घराण्यात जन्मले होते आणि कुण्या बिशपच्या आमंत्रणावरून चर्चसाठी मूर्ती घडवायला आले होते. पुरावा विचारला की तो कपाळाकडे बोट दाखवून म्हणे, "हे कपाळ बघा."

या देशात वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात, पाहुण्यांना बसवतात आणि प्रत्येकाला व्लायचा, म्हणजे फळे भरून भाजलेल्या गोड पोळ्याचा, एक तुकडा देतात. दुसरा मागणे असभ्य समजले जाते. असल्या गोलात बसून मी हे कपाळ कितीतरी वर्षे पाहिले.

हा वाद तसा करमणुकीपुरताच राहिला असता. पण गेल्या हिवाळ्यात बायकोच्या दुसऱ्या गुडघ्याचीही शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर तिने भावाला बोलावून घेतले आणि आम्हा दोघांना समोर बसवले. ती माझ्या आईकडून मराठी शिकली आहे आणि मला आजही 'अहो' म्हणते. पण त्या दिवशी भावालाही कळावे म्हणून डचमध्ये बोलली.

"मला ते गाव एकदा बघायचं आहे. डोंगरातला चढ मी एकदाच चढू शकेन, दुसऱ्यांदा नाही. तेव्हा दोघांनी मिळून काय ते ठरवा, पण मला चुकीच्या गावात नेऊ नका."

मेहुण्याने गाव तिथल्या तिथे जाहीर केले. इटलीच्या ईशान्येला एक खोरे आहे; त्यात एक गाव वर डोंगरात आहे आणि एक खाली नदीकाठी. त्याचे गाव वरचे. इंटरनेटवरच्या कोणा अनोळखी माणसाच्या वंशावळीत त्याला पणजोबांच्या नावाचा एक मुलगा सापडला होता, बापाचे नावही जुळत होते. बटण दाबून त्याने त्या मुलाला आपल्या झाडावर चढवले होते. याला तो संशोधन म्हणतो.

मी आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात सतरा चुका काढलेला माणूस आहे. बटणे दाबून पूर्वज मिळत नाहीत, हे मला ठाऊक होते. मी दर बुधवारी सकाळच्या गाडीने मास्ट्रिख्टच्या अभिलेखागारात जाऊ लागलो. तेथे कोट आणि पिशवी कपाटात कुलूपबंद करावी लागते, शाई चालत नाही, पेन्सिल चालते. हे नियम मला आवडले. या देशात लग्न नोंदवताना वधूवरांना आपापला जन्मदाखला जोडावा लागे, आणि ते जोडलेले कागद आजही गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत. पणजोबांच्या लग्नाचा गठ्ठा मला तिसऱ्या बुधवारी मिळाला. त्यात जन्मदाखला नव्हता. त्याऐवजी चार शेजाऱ्यांचे शपथपत्र होते: आम्ही यास ओळखतो, हा अमुक खोऱ्यात जन्मला, बापाचे नाव हे, आईचे हे. आईचे नाव असे की त्या खोऱ्यात दर दुसऱ्या घरात सापडावे. गावाचा उल्लेख नाही. धंदा मात्र स्वच्छ लिहिलेला होता: फरशी कामगार. शिल्पकार नव्हे.

मग त्या खोऱ्यातल्या दोन्ही चर्चच्या नोंदवह्यांची छायाचित्रे मागवून मी ती संगणकावर वाचू लागलो. बाप्तिस्मे, लग्ने, मृत्यू. पाद्र्यांचे अक्षर आणि त्यांचे लॅटिन यांत अधिक वाईट काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. वरच्या गावातला मेहुण्याचा मुलगा मला बाप्तिस्म्याच्या वहीत लगेच सापडला. आणि मृत्यूच्या वहीतही.

मार्चमध्ये मेहुण्याचाच वाढदिवस होता. मी वही घेऊन गेलो.

"या, प्रोफेसर," तो गोलातून ओरडला. मी कधीही प्राध्यापक नव्हतो. ही त्याची विनोदाची पातळी. "काय म्हणतात तुमचे कागद?"

"तुझा शिल्पकार सापडला."

"बघा! आणि तोही वरच्याच गावात!"

"वरच्याच गावात. अकरा दिवसांचा असताना वारला. तेवढ्यात त्याने किती मूर्ती घडवल्या, ते तू सांग."

सगळा गोल हसला. मेहुण्याच्या बायकोला व्लाय घशात अडकून ठसका लागला. तो लाल झाला.

"अकरा दिवसांत मेला, तर मग आम्ही सगळे आलो कुठून?"

"ते मी सांगेन. तू कॉफी दे."

त्या संध्याकाळी घरी परतताना मी फार प्रसन्न होतो, हे कबूल करतो. बायकोने गाडीत रेडिओ लावला.

खालच्या गावात मला त्याच नावाचा, त्याच बापाच्या नावाचा एक मुलगा सापडला. गवंड्याचा मुलगा, पिढ्यान्‌पिढ्या दगड आणि चुना यांच्यात हात असलेले घर. वयात चार वर्षांचा फरक पडत होता, पण चार शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितलेल्या वयाला मी फारसे महत्त्व दिले नाही. मला तो पटला. मी बायकोला गाव सांगितले. तिने मेअखेरची विमानाची तिकिटे काढली, नदीकाठच्या एका घरगुती खानावळीत खोली ठरवली आणि जाड तळव्यांचे बूट विकत घेतले.

आता माझी चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्याची माझी तयारी नाही. वरच्या गावच्या वहीत, मेलेल्या मुलानंतर दोन वर्षांनी, आणखी एक बाप्तिस्मा होता. मुलाचे नाव तेच, बापाचे तेच, आईचेही तेच. मी तो वाचला होता. माझ्या वहीत त्यासमोर मी पेन्सिलीने लिहिले होते: "त्याच नावांचे दुसरे जोडपे. विचारात घेऊ नये."

ते मी आळसाने लिहिले नव्हते. माझ्या आधी माझ्या आईची दोन मुले गेली. मी झालो तेव्हा मला दगडाचे नाव ठेवले गेले, मरणाला या पाळण्यात नेण्याजोगे काही दिसू नये म्हणून. शाळेत त्या नावावरून मुले हसत आणि मी त्यांना मारत असे. गेलेल्या मुलांची नावे आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. ती मला मोठेपणी आत्याकडून कळली. एका मुलाला पुरल्यावर तेच नाव घेऊन दुसऱ्याला हाक मारील अशी आई जगात असू शकते, हे माझ्या मनात आलेच नाही. हा माझा तर्क आहे हेही मला कळले नव्हते. मी त्याला निसर्गनियम समजत होतो.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी बायको स्वयंपाकघरात पांढऱ्या शतावरीचे देठ सोलत बसली होती. मी टेबलाशी वही उघडून तिला माझी सिद्धता पहिल्यापासून ऐकवत होतो. तिने मागितली नव्हती.

"अहो," ती मध्येच म्हणाली, "हा वरच्या गावातला दुसरा कोण?"

"तो दुसऱ्या जोडप्याचा."

"कशावरून?"

"अगं, मेलेल्या मुलाचं नाव पुन्हा कोण ठेवतं?"

तिने सोलायची सुरी खाली ठेवली. हात पुसून ती आतल्या खोलीत गेली. नव्या गुडघ्याने ती अजून सावकाश चालते. परत आली तेव्हा तिच्या हातात प्रार्थनेचे जुने पुस्तक होते. लिम्बुर्गमध्ये माणूस गेले की नाव आणि प्रार्थना छापलेली एक लहान पत्रिका चर्चमध्ये वाटतात, आणि लोक ती पुस्तकात जपून ठेवतात. तिने त्यातली एक काढून माझ्यापुढे ठेवली. कडा पिवळ्या पडलेल्या, वर देवदूताचे चित्र. आठ महिन्यांची मुलगी. खाली माझ्या बायकोचे नाव छापलेले होते. पूर्ण नाव, आडनावासह.

"ती माझ्या आधीची," बायको म्हणाली. "आई म्हणायची, नाव रिकामं कशाला ठेवायचं?"

पंचेचाळीस वर्षे मी त्या नावाने तिला हाक मारत आलो आहे.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही. तुम्ही मास्ट्रिख्टला जात होता."

सिद्धता अर्धवट सोडून मी वही मिटली. हे आयुष्यात फार वेळा घडलेले नाही.

त्याच दिवशी मी वरच्या गावच्या पाद्र्याला पत्र लिहिले. तेथील चर्चमध्ये दरवर्षी घरोघरच्या माणसांची यादी करण्याची पद्धत होती. ती पाहून कळवावे, अशी विनंती केली. उत्तर अकरा दिवसांनी आले. हा आकडा मला मुळीच आवडला नाही. त्या दुसऱ्या मुलाच्या नावासमोर, तो वीस वर्षांचा असताना, समासात लिहिले होते: "गैरहजर. फरशीच्या कामासाठी उत्तरेकडील सखल देशात." म्हणजे या डच देशातच. जोडपे एकच होते. तेच आईबाप, तेच घर.

बायकोने पत्र दोनदा वाचले. "खोली मी बदलते," ती म्हणाली. "त्याला फोन तुम्ही करा."

"तू कर. तुझा भाऊ आहे."

"अकरा दिवसांवर हसलात तुम्ही. तुम्हीच करा."

मी केला. शक्य तेवढा थोडक्यात.

"गाव वरचे आहे," मी म्हणालो.

पलीकडून त्याचे ते हसणे. "म्हणजे माझं बरोबर होतं, प्रोफेसर!"

"तुझे उत्तर बरोबर होते. तू नव्हतास. तू एका मेलेल्या अर्भकाला पणजोबा केले होतेस. खरा त्याचा धाकटा भाऊ. नाव तेच ठेवलेले."

"हो का?" तो म्हणाला. "असेल. आमच्याकडे ठेवायचेच. आमच्या ताईचंही तसंच आहे की. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याला माहीत होते. आयुष्यभर माहीत होते, आणि त्या माहितीचा त्याला एकदाही उपयोग करता आला नाही. आपला पूर्वज अकरा दिवसांत वारला हे ऐकून तो भर वाढदिवसात लाल होऊन मलाच प्रश्न विचारत बसला; 'मग त्याच्यामागून आलेला बघा' एवढे एक वाक्य त्याला सुचले नाही. ज्याच्याजवळ किल्ली होती त्याने दार शोधले नाही. मी दार शोधले आणि किल्लीवाल्याला विचारले नाही. या दोन अपराधांत थोरला कोणता हे वाचकाने ठरवावे. माझे ठरलेले आहे.

मेअखेर आम्ही तिघे गेलो. चढ बायकोने तीन ठिकाणी थांबून चढला, काठी माझ्या हातात देऊन आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून. वरच्या चर्चची फरशी साधी, दगडी. मोझॅकचा तुकडासुद्धा नाही. मेहुणा मूर्ती शोधत हिंडला. दोनच होत्या, दोन्ही प्लास्टरच्या.

पाद्र्याने वही टेबलावर आणून ठेवली. बायकोने पणजोबांची नोंद पाहिली, हात लावला नाही. मग मागची पाने उलटायला सांगून तिने आधीची नोंद काढली आणि तिच्यावर बोट ठेवले. बराच वेळ बोट उचलले नाही.

"हाच तुझा शिल्पकार," मी मेहुण्याला म्हणालो.

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली. मराठीत, म्हणून फक्त मला. "तुमच्या वहीत यालाही घ्या. वेगळी चौकट करून. फुली मारू नका."

माझ्या वहीत त्याच्यावर फुली होती, तीही जरा जोरात मारलेली. मी ती तेथेच खोडरबराने पुसली. पेन्सिल वापरण्याचा हा फायदा.

आइंडहोव्हनला परतल्यावर मी आमच्या कुलवृत्तांताचा खंड काढला. त्यात मी आईवडिलांचे पहिले अपत्य आहे. ज्या पानावरची चूक मला कधी दिसली नाही ते पान माझेच होते. माझ्या आधीच्या दोघांची नावे, आत्याने सांगितली तशी, लिहून मी पुण्याच्या संपादक मंडळाला पाठवली. उत्तर आले की अल्पवयात गेलेल्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख करण्याचा मंडळाचा प्रघात नाही आणि पुढील आवृत्तीत जागेचीही अडचण आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या सत्कारांसाठी मागील आवृत्तीत चार पाने घेतली होती. त्या पानांचे क्रमांक देऊन मी पुन्हा लिहिले आहे.