थांबा सर

त्यांचं खरं नाव आम्हा डॉक्टरांपैकी कुणी घेत नसे. महिन्यातून एका रविवारी लातूरला ते आम्हाला शिकवत: वेदनाशामक गोळ्यांच्या नादी लागलेल्या माणसाला आपल्याच दवाखान्यात औषध देऊन कसं सोडवायचं. कुणी घाईनं उत्तर दिलं की हात वर करून म्हणत, “थांबा.” म्हणून ते थांबा सर.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला जिभेखाली खडीसाखरेचा खडा ठेवायला लावलं. गिळायचं नाही, बोलायचं नाही. नाद सोडवणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी अशीच विरघळू द्यावी लागते आणि तेवढा वेळ डॉक्टरनं समोर बसायचं असतं. उमरीच्या एका डॉक्टरांनी खडा कडकन फोडला. सर म्हणाले, “तुमचा पेशंट बरा होईल, पण दुसऱ्याच्या दवाखान्यात.”

पहिल्या गोळीबद्दल ते फार कडक होते. जुन्या गोळीचा अंमल उतरून जांभया, नाकाला पाणी, अंगावर काटा दिसल्याशिवाय ही नवी द्यायची नाही. आधी दिली तर ती जुनीचा अंमल एकदम तोडते आणि माणसाचे हाल होतात. “पेशंट सांगतो ते ऐका, पण अंग काय सांगतं तेही बघा,” असं ते बजावत.

आणि प्रत्येक केसला त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. सुरुवात कुणाच्या हातून झाली? मित्र, ड्रायव्हर, मेडिकलवाला, अशी उत्तरं यायची. सर ती ऐकून घेत आणि पुढे जात.

बसप्पा हा माझ्या गावच्या, उदगीरच्या मोंढ्यातला, धान्यबाजारातला हमाल. पोती उचलून कंबर गेली, तेव्हा ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी मीच लिहून दिली होती. पुढे दोन वर्षं तो दारातूनच “तीच लिवा सायब” म्हणे आणि मी मान वर न करता तीच लिहीत असे. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या दहा. प्रशिक्षणानंतरचा माझा पहिला पेशंट तोच.

तो आला त्या सकाळी बाहेरच्या बाकावर बड्या अडत्यांच्या घरची माणसं होती. त्यांच्यात हा जांभया देत बसलेला मला नको होता. मी त्याला मागच्या दारानं आत घेतलं. शेवटची गोळी कधी घेतली, असं उभ्या उभ्या विचारलं. तो म्हणाला, काल संध्याकाळी. जांभई नव्हती, नाक कोरडं होतं. तरी मी गोळी जिभेखाली ठेवली, लवकर मोकळं व्हावं म्हणून.

तासाभरात तो घामानं भिजून टेबलावर तळमळत होता. खरं तर त्यानं पहाटेच मूठभर गोळ्या घेतल्या होत्या. मी सरांना फोन केला. काय द्यायचं ते त्यांनी सांगितलं आणि दुपारच्या एसटीनं स्वतः आले. मी म्हणालो, हा खोटं बोलला.

“थांबा,” सर म्हणाले. “मागच्या दारानं घेतलेला माणूस खरं कशाला बोलेल?”

संध्याकाळी बसप्पा जरा सावरला. सरांनी त्याला बाहेरच्या बाकावर नेलं, स्वतः शेजारी बसले आणि मला विचारलं, “सुरुवात कुणाच्या हातून झाली, डॉक्टर?”

मी म्हणालो, “मोंढ्यातल्या दोस्तांच्या.”

बसप्पानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढचे उपचार सरांनी लातूरला केले. बसप्पा सावरला, मोंढ्यात काट्यावर माप बघायच्या कामाला लागला. प्रशिक्षण संपलं तरी पुढची तीन वर्षं मी त्या रविवारी जात राहिलो. तो प्रश्न विचारून झाल्यावर सरांची नजर माझ्यापाशी जरा रेंगाळायची. मी वहीत बघायचो.

सर गेल्या महिन्यात वारले. ती बातमी सांगायला बसप्पा आला, पुढच्या दारानं. खिशातून त्यानं माझ्या हातची पहिल्या ट्रामाडॉलची जुनी, मळलेली चिठ्ठी काढली.

“सरनी बघितली हुती ही. हितं आले त्याच दिशी.”

मी विचारलं, काय म्हणाले?

“घडी घालून दिली माघारी. म्हनले, डॉक्टर सोताहून सांगतील. आपुन थांबू.”

पुढच्या रविवारी लातूरला शिकायला नवे डॉक्टर येणार आहेत. बसप्पाची केस मला मांडायची आहे आणि तोही सोबत येतोय. सुरुवात माझ्या हातून झाली. एवढंच वाक्य आहे. सर त्यासाठी तीन वर्षं थांबले होते.